गुरुवारचा हवाल

"तुम्हा लोकांना बातमी विचारली की तुम्ही तब्येत सांगता," शंबे मला एकदा म्हणाला होता. म्हणताना तो हसला नाही. हा टोमणा होता की नुसतं निरीक्षण, हे मला ठरवता आलं नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात जे साचत गेलं त्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली.

शंबे बलुच होता, ग्वादरच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. शनिवारी जन्मला म्हणून नाव शंबे. साल १९५५. तेव्हा ग्वादर मस्कतच्या सुलतानाकडे होतं आणि तीन वर्षांनी सुलतानाने ते पाकिस्तानला विकलं. "मी तीन वर्षांचा असताना विकला गेलो," तो सांगायचा. "आईसकट, होडीसकट. आम्हाला कुणी विचारलं नाही." तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा बलुचिस्तानातलं निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं आणि डोंगरात चार वर्षं लढाई चालली. त्याचा थोरला भाऊ हमल क्वेट्ट्याच्या कॉलेजातून परस्पर डोंगरात गेला. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. शंबे डोंगराकडे न जाता बोटीवर चढला. अठ्ठ्याहत्तर साली सिंगापूरला उतरला तो इथेच राहिला.

इथे तो जहाजांना शिधा पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये होता. तांदूळ, कांदे, गोठवलेली कोंबडी, दोरखंड, साबण लाँचवर चढवायचे आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना पोचवायचे. कुठल्या देशाच्या खलाशांना कुठला तांदूळ लागतो हे त्याला तोंडपाठ होतं. मलय बायको होती, ती वारली. मूल नव्हतं. बुकित बातोकला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो एकटा राहायचा आणि स्वतःचे शर्ट स्वतः इतके कडक इस्त्री करायचा की तो बसला की कॉलर त्याच्याआधी बसल्यासारखी वाटायची.

माझी बायको सुनेत्रा शनिवारी सकाळी बुकित बातोकच्या कम्युनिटी क्लबमध्ये इंग्रजी पत्रलेखन शिकवायची. बाकीच्यांना नोकरीचे अर्ज लिहायचे असायचे. शंबेला जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कचेरीला लिहायचं होतं. त्याच्या बहिणीचा मुलगा जियंद, वय एकवीस, २००५ च्या मार्चमध्ये कराचीच्या हॉस्टेलमधून उचलला गेला होता. कुणी उचलला याची कुठे नोंद नव्हती. शंबेकडे एक वही होती आणि वहीत जियंदसारखी दोनशे अकरा नावं होती. सुनेत्राने पहिल्या शनिवारी ती वही पाहिली आणि त्याला आमच्या बिशानच्या घरी बोलावलं, कारण घरी कॉम्प्युटर होता. पत्रांवर पत्त्याच्या जागीही तिने आमचाच पत्ता घातला. गुरुवारी तो कामावरून लवकर सुटायचा. तेव्हापासून दोन वर्षं आमच्या घरी गुरुवार म्हणजे शंबे.

बलुचांमध्ये एक रीत आहे, तिला ते हवाल म्हणतात. दोन माणसं भेटली की बसतात, आणि एकजण दुसऱ्याला म्हणतो, हवाल दे. मग दुसऱ्याने गेल्या भेटीपासूनचं सगळं सांगायचं. कुठून आलो, वाटेत कोण दिसलं, कोण वारलं, कुठल्या विहिरीला पाणी आहे, मनात काय आहे. मध्ये कुणी तोडायचं नाही. खोटं सांगायचं नाही, वगळायचं नाही. संपलं की ऐकणारा "खैर" म्हणतो आणि आपला हवाल देतो. दुसऱ्यासाठी आणलेला हवाल तर पोचवायलाच लागतो. "आमच्याकडे पोस्ट नव्हतं, पेपर नव्हता," शंबे म्हणायचा. "माणूसच पेपर. हवाल अडवणारा आणि पाणी अडवणारा, दोघांना आमच्याकडे एकच शिवी आहे." कुठली, हे त्याने सुनेत्रासमोर सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी त्याने मला विचारलं. तो मला वाजा म्हणायचा, म्हणजे साहेब. त्याची कराचीची उर्दू आणि आमची पुणेरी हिंदी यांच्या मध्ये कुठेतरी आमचं बोलणं चालायचं.

"वाजा, हवाल द्या."

"ऑफिसातून आलो. एमआरटी ट्रेनला गर्दी होती."

तळवे गुडघ्यांवर ठेवून तो पुढे झुकला.

"गर्दीत कोण होतं?"

"कोण असणार? लोक होते."

"खैर," तो म्हणाला, आणि सुनेत्राकडे वळला.

सुनेत्रा मात्र बोलली. पहिल्यांदा पाच मिनिटं, पुढच्या गुरुवारी दहा. नंतर ती टायपिंगला बसायच्या आधी अर्धा तास हवाल चालू लागला. जाई, आमची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची होती. तीही शाळेचा हवाल देऊ लागली. मी एकदा तिला विचारलं, मला कधी एवढं सांगतेस का? ती म्हणाली, "यू ऑल्वेज से शॉर्टमध्ये सांग, पापा. अंकल शंबे नेव्हर से, ला." तो शेवटचा "ला" तिने इथल्या शाळेत उचललेला.

एका गुरुवारी मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होतो. बाहेर सुनेत्राचा आवाज येत होता. ती सांगत होती की सोमवारी ती बिशान स्टेशनवर गेली आणि तीन ट्रेन सोडून दिल्या. बाकावर बसून राहिली. आईच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला गेली नव्हती, ते आठवत होतं असं नाही, पण हाताला आईच्या औषधाचा वास येत होता. मग चौथी ट्रेन आली तशी ती चढली. एवढंच.

"खैर," शंबे म्हणाला.

कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात होती. सोमवारी संध्याकाळी मी याच टेबलावर तिच्यासमोर जेवलो होतो.

तो गेल्यावर मी म्हटलं, "तीन ट्रेन सोडल्यास?"

"ऐकत होतास?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं. सोमवारीच विचारलं, कसा गेला दिवस."

"निशिकांत, ते विचारणं नव्हतं. दार लावून घेताना माणूस काहीतरी बोलतो ना, तसं होतं ते."

शंबे तिला गोहार म्हणायचा, म्हणजे बहीण, आणि तशीच मानायचा. त्या बाबतीत माझ्या मनात कधी शंका आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. संशयाला निदान एक जागा असते, तिथे बोट ठेवता येतं. मला हेवा वाटत होता तो त्याच्या कानांचा. आणि आणखी एका गोष्टीचा, जी कबूल करायला मला जास्त वेळ लागला. तोही पळालाच होता. भाऊ डोंगरात गेला आणि हा बोटीवर. पण त्याच्या पळण्याला मागे वळून बघायला काहीतरी होतं. मी पुण्याहून इथे आलो तो बँकेच्या बदलीच्या पत्रावर. आणीबाणीत माझ्या वर्गातली दोन मुलं येरवड्याला गेली, मी परीक्षेला गेलो. ते सुनेत्राला लग्नाआधीपासून माहीत होतं. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, आणि आता बलुचांची नावं टाइप करत होती.

२००६ च्या ऑगस्टमध्ये लष्कराशी लढणारे तिकडचे वयोवृद्ध नवाब डोंगरातल्या एका गुहेत मारले गेले. त्या गुरुवारी शंबे आला, बसला, आणि त्याचा हवाल एका वाक्यात संपला. सुनेत्रा रडली. माझे वडील गेले तेव्हा तिने तेराव्यापर्यंतचं सगळं नीट पार पाडलं होतं, पण रडली नव्हती.

मी बँकेत आयात-निर्यातीची कागदपत्रं तपासतो. एका कागदावरची तारीख दुसऱ्याशी जुळली नाही की सगळा गठ्ठा परत. शंबेच्या यादीलाही मी तोच डोळा लावू लागलो. "एकशे चाळीस नंबरचा माणूस फेब्रुवारीत उचलला म्हणता, आणि इथे मार्चमध्ये बाजारात दिसलाय." शंबे वही जवळ घ्यायचा, बघायचा. "बरोबर आहे वाजा. तुमची नजर चांगली आहे." मग खोडून शेजारी प्रश्नचिन्ह काढायचा. माझ्या खोडसाळपणाने त्याची यादी सुधारत चालली होती. हेही मला सहन होत नव्हतं.

२००७ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या एका कंपनीला ग्वादरचं बंदर चालवायला मिळालं. मी पेपर घडी घालून त्याच्यासाठी ठेवला. "अभिनंदन. तुमचं गाव पेपरात आलंय."

त्याने बातमी वाचली, नकाशा पाहिला. "गाव नाही आलं वाजा. बंदर आलंय."

"चळवळ पोस्टाने चालत नाही, शंबे. पत्रांनी काय होतं?"

"काही नाही होत," तो म्हणाला. "पण कुणी विचारलं तर सांगायला तयार असावं."

सुनेत्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, "निशिकांत, चहा आण ना." त्याचा चहा बिनदुधाचा, वेलची घातलेला. मी आणला.

मग पाच जुलैचा गुरुवार आला. पाठ धरली म्हणून मी रजेवर होतो. सुनेत्रा सकाळीच बाहेर पडली होती, जाई शाळेत. शंबे लाँचवर होता, तिथे त्याचा फोन लागत नसे. दुपारी दोनला बेल वाजली. दारात एक शिडशिडीत माणूस, तिशीचा, नवाकोरा टीशर्ट घातलेला, हातात आमच्या पत्त्याचं पाकीट. नाव पुल्लान. एका मालवाहू बोटीवरचा खलाशी. शंबेसाठी हवाल आणला होता.

"शंबे संध्याकाळी येईल," मी म्हटलं.

"मग कुणाला देऊ?"

मी आत बघितलं. घरात मीच होतो. "मला द्या."

तो सोफ्यावर ताठ बसला आणि चाळीस मिनिटं बोलला. जानेवारीत त्याला कराचीत उचललं. कोणी, ते तो सांगत नव्हता, "ते लोक" म्हणत होता. मे महिन्यात डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्याच्या कडेला सोडून दिलं. त्यातले सात आठवडे ज्या खोलीत होता तिथे जियंद होता. जिवंत. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळलेली. तो आईचं नाव सांगायचा, मामाचं नाव सांगायचा, मामा सिंगापूरला आहे म्हणायचा. हे सगळं पुल्लान लिहून द्यायला, अंगठा उठवायला तयार होता, पण फक्त इथे. तिकडे त्याची मुलं होती. पाचला त्याला मरिना साउथच्या धक्क्यावर बोटीच्या मुकादमापुढे हजेरी द्यायची होती. मग नऊच्या लाँचपर्यंत तो तिथेच बाकावर बसणार होता. बोट सकाळी निघणार होती.

"शंबेला सांगा, कागद घेऊन या. मी नऊपर्यंत आहे."

"सांगतो."

"सगळं सांगाल?"

"सगळं."

"खैर," असं मीच म्हणायचं होतं. त्याने वाट पाहिली आणि मग माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, खैर. तो गेला.

हे लिहिताना मला ठाऊक आहे की कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तो गेल्यावर मी खूष होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे हवाल होता. मी मनातल्या मनात तो लावत होतो: आधी पाकीट, मग टीशर्ट, मग करंगळी. तिकडच्या कोर्टात महिन्याभराने बेपत्ता लोकांच्या अर्जांवर तारीख होती आणि जियंदच्या अर्जात एकच गोष्ट कमी होती, त्याला आत पाहिलेला माणूस. तो माणूस आता माझ्या तोंडात होता.

साडेपाचला सुनेत्रा आणि जाई आल्या. पाठ कशी आहे, हे सुनेत्राने विचारलं नाही. तिने वेलची कुटायला घेतली. सहाला शंबे आला, अंगाला डिझेलचा आणि कांद्याचा वास. बसला. मी पुढे सरकून बसलो. त्याने सुनेत्राकडे बघितलं.

"गोहार, हवाल द्या."

आणि तिने दिला. ती सकाळी इमिग्रेशनच्या ऑफिसात गेली होती. सिंगापूरच्या नागरिकत्वासाठी आम्ही जोडीने अर्ज केला होता, त्यातून तिने स्वतःचं नाव काढून घेतलं. खिडकीवरच्या मुलीने दोनदा विचारलं, नवऱ्याला माहीत आहे ना. ती म्हणाली, सांगणार आहे. मग ती ईस्ट कोस्टला जाऊन वाळूत बसली आणि एक आइस्क्रीम खाल्लं. दोन वर्षं ज्यांचा देश हिसकावला गेला त्यांची नावं लिहितेय, आणि स्वतःचा देश एका फॉर्मवर सोडायला निघाले होते, ते जमेना. पुढे काय, ते माहीत नाही.

हे ती त्याला सांगत होती. मी चार फुटांवर होतो. जाईसुद्धा माझ्याकडे बघत होती, तिला आधीपासून माहीत असल्यासारखी.

"खैर," शंबे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "वाजा. तुमचा हवाल?"

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मरिना साउथला टॅक्सीने अर्धा तास.

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "पाठ दुखतेय."

"घरीच होता?"

"घरीच."

"कुणी आलं नाही?"

"नाही."

"खैर."

ते दोघं टायपिंगला बसले. आम्ही जेवलो. शंबेने भेंडीची भाजी दोनदा घेतली. सात वाजले तेव्हा मी मनात म्हटलं, आता सांगू. साडेसातला म्हटलं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणतील. सव्वाआठला शंबे उठला आणि बुकित बातोकला गेला. नऊ वाजता मी हॉलमध्ये एकटा उभा होतो. सुनेत्रा आतून म्हणाली, "नागरिकत्वाचं बोलायचंय का आपल्याला?" मी म्हटलं, "विशेष काही नाही बोलण्यासारखं."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तारीख झाली. जियंदच्या आईला विचारलं गेलं, मुलाला कुठे कोणी पाहिलंय का. ती म्हणाली, नाही. त्याचं नाव बाजूला ठेवलं गेलं. कुठेही गेलेला असू शकतो, तरुण मुलं जातात, असं कुणीतरी म्हणालं. शंबेने हा हवाल आम्हाला जसाच्या तसा दिला, बहिणीचा आवाज कसा झाला होता इथपर्यंत. मी ऐकलं.

पुल्लानची बोट त्याच महिन्यात कराचीला लागली. तो चोरून जियंदच्या आईकडे गेला. तिला म्हणाला, तुझ्या भावाच्या घरी मी सगळा हवाल दिला होता, नऊपर्यंत बसलो होतो, कुणी आलं नाही. आता मी काही बोलणार नाही, माझी मुलं आहेत. आणि पुन्हा आला नाही.

तेवीस ऑगस्टला, गुरुवारीच, शंबे आला. नेहमीच्या वेळेला. इस्त्रीचा शर्ट. सुनेत्राने चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. तिच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं आहे. ती बसली. जाईने दप्तर खाली ठेवलं.

"वाजा," तो म्हणाला, "पाच जुलैचा हवाल द्या."

आवाज चढलेला नव्हता. दर गुरुवारी विचारायचा तसाच त्याने विचारला.

सुनेत्रा म्हणाली, "पाच जुलैला काय?"

मी सांगायला सुरुवात केली. दोनला बेल वाजली, इथून. टीशर्टाची घडी मोडलेली नव्हती, हे सांगितलं. जानेवारी, मे, सात आठवडे सांगितले. करंगळी सांगितली, कुठल्या हाताची ते सांगितलं. जियंद मामाचं नाव घ्यायचा ते सांगितलं. धक्का, बाक, नऊ वाजेपर्यंत. सहा वाजून पस्तीस मिनिटं. मग मी थांबू शकलो असतो, पण वगळायचं नसतं, म्हणून पुढचंही सांगितलं. की हवाल माझ्याकडे होता आणि मला तो आधी विचारला जायला हवा होता. की सुनेत्रा नागरिकत्वाचं त्याला सांगत होती आणि मी तिथे बसलेलो होतो. की मी तीन ट्रेन भिंतीआडून ऐकल्या. की त्याच्या नवाबांसाठी ती रडली, माझ्या वडिलांसाठी नाही. की सात वाजता ठरवलं होतं आणि साडेसातलाही. की भेंडीची भाजी त्याने दुसऱ्यांदा घेतली तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण त्याला काही ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

सुनेत्राने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होती. जाई "पापा" म्हणाली, अगदी हळू, आणि आत गेली.

"एवढंच," मी म्हटलं.

शंबे माझ्याकडे बघत होता. ऐकताना बघायचा तसाच, पुढे झुकून, तळवे गुडघ्यांवर. मी त्याच्या ओठांकडे पाहत राहिलो. "खैर", तो एक शब्द यायला हवा होता, निदान शिवी तरी. सुनेत्रा म्हणाली, "शंबेभाई." तो उठला. दाराशी वाकून त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या, दोन्ही, सावकाश. मग लोखंडी जाळीचं दार स्वतःच उघडलं, आपल्यामागे लावून घेतलं, आणि एकही शब्द न बोलता लिफ्टकडे निघून गेला.